उत्तर आलं नाही तर?

जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की माझ्याकडे समुपदेशनासाठी नव्याने शिकवायला लागलेले प्राध्यापक येतात, बहुतेक तासिका तत्त्वावरचे. धास्ती एकच: "मुलांनी काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही तर?" इतिहासवाले तर हमखास. सनावळ्या, तह, नावं. प्रश्न कुठूनही येऊ शकतो.

गेल्या वर्षीचा एक तरुण आठवतो. प्राध्यापकीसाठीची 'सेट' परीक्षा पास झालेला, वाचन दांडगं. त्याची तक्रार मात्र उलटी होती. "मॅडम, वर्गात कोणी तोंडच उघडत नाही. तास संपतो तेव्हा मी घामाघूम असतो." पहिल्या तीन भेटी झोप, घरच्यांच्या अपेक्षा, पुढच्या वर्षीची नेमणूक यातच गेल्या. मग मी म्हटलं, "तुमची वही घेऊन या."

वहीत १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या सावकारांविरुद्धच्या उठावावर, चौदा पानं होती, सुबक अक्षरात. समासात लाल शाईने मिनिटं: ० ते १२ कारणं, १२ ते ३० घटना, ३० ते ४८ परिणाम. तास ४८ मिनिटांचाच.

"यात मुलांच्या प्रश्नांची मिनिटं कुठली?"

तो समासावरून बोट फिरवत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "विचारलं आणि नाही आलं तर..."

"तर काय म्हणाल?"

"उद्या बघून सांगतो."

"आजवर किती वेळा म्हणालात?"

"एकदाही नाही."

हे म्हणताना त्याचे ताठरलेले खांदे खाली आले. मी काही बोलले नाही. ती शांतता त्याला हवी होती.

अशा भीतीच्या मुळाशी एक हट्ट बसलेला असतो: मला सगळं यायलाच हवं. 'यावं' ही इच्छा माणसाला लायब्ररीत नेते. 'यायलाच हवं' हा हट्ट त्याला ४८ मिनिटं सलग बोलायला लावतो. इतक्या वर्षांच्या कामानंतर हा हट्ट मला बोलण्याआधी दिसतो. या वेळी तो समासात दिसला.

मग मी माझी खरी शंका विचारली. "पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात १२ मे रोजी लोकांनी धान्य लुटलं, ते कळतं. पण सावकारांच्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे का जाळले?"

तो खुर्चीत पुढे सरकला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं चालायचा. व्याज साचत जाऊ नये, हा हेतू. सावकार मात्र दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेत. दहा मिनिटं बोलला, वहीकडे न बघता.

"हेच गणित मुलांना घाला," मी म्हटलं. शंभर रुपये, दर साल शेकडा २४ असं धरून. तीन वर्षांनी १७२ चा नवा रोखा, आणखी तीन वर्षांनी जवळपास २९६.

तुमचीही हीच धास्ती असेल तर पुढचा तास अशाच एखाद्या कोड्याने सुरू करा, तुम्हाला स्वतःला आवडणाऱ्या. विचारून झालं की गप्प राहा. दहा सेकंद फार लांब वाटतात, तरी राहा. पोर्शनची काळजी मला कळते, पण सगळी चौदा पानं तुमच्याच तोंडून यायला हवीत असं नाही. आणि "माहीत नाही, बघून सांगतो" हे म्हणायला शिका. मग खरंच बघून सांगा. मुलं तेवढं नक्की लक्षात ठेवतात.

त्याच्या वर्गात गणित सुटल्यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, वही जळाली तरी सावकाराकडे दुसरी प्रत नसायची का?" त्याला माहीत नव्हतं. त्याने तसं सांगितलं, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि शनिवारी दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल काढून बसला.