लिस्बनमध्ये तीन रात्री: चढ ट्रामने, उतार पायी

लग्नाला दहा वर्षं, लेक पहिल्यांदाच आजीपाशी राहणार, श्टुटगार्टहून गुरुवारी दुपारी पोचणार आणि रविवारी संध्याकाळी परत, ऑक्टोबरचा मध्य. एवढ्यात शहरातलं बेलें, ट्राम 28 आणि किल्ला, शिवाय बाहेरची सिंत्रा, कश्काइश आणि ओबिदुश ही गावं 'बसवता येईल का', असं तुम्ही विचारलंय. येईल की. आम्ही बसवलं होतं. मग दीड दिवस आम्ही नवराबायको एकमेकांशी फक्त तिकिटांविषयी बोललो.

ती आमची पहिली खेप. आता तीनदा जाऊन झालंय, म्हणून एवढं लिहायचं धाडस करतेय. नवऱ्याने एक्सेलमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडले होते. राहायची जागा मी शोधली होती, अल्फामा या जुन्या वस्तीत, खिडकीतून नदी दिसणारी. नदी दिसायची, खोटं नाही. पण टॅक्सी सोडायची तिथून 81 पायऱ्या (त्याने मोजल्या, मोठ्याने मोजल्या), त्यावर चार जिने, लिफ्ट नाही, आणि चाकांची बॅग दगडी पायऱ्यांवर आपटत नेताना सगळी गल्ली खिडकीत. दुसऱ्या दिवशी सिंत्राला तीन ठिकाणी रांगा लावून आलो आणि त्याच पायऱ्यांवर कडाक्याचं भांडण झालं. मी मध्येच बसले. तोही दोन पायऱ्या सोडून बसला. खालच्या दारातल्या आजीबाईंनी काही न विचारता चेरीच्या दारूचे दोन छोटे पेले पुढे केले आणि पैसे मात्र रोख मोजून घेतले. ती जिंजिन्या. वीस वर्षांच्या संसारात मी माघार घेतल्याचे प्रसंग थोडे आहेत, त्यातला हा एक.

तेव्हा पहिली गोष्ट, यादी फाडा आणि नकाशातले चढउतार बघा. लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय म्हणतात, पायांना सतरा वाटतात. वर जायचं ते ट्रामने, बसने, प्रसंगी टुकटुकने, आणि उतरायचं पायी. या एका नियमावर तुमचे दिवस आखले की निम्मी भांडणं टळतात. (टुकटुक बघून हसू येईल. त्यातल्या बऱ्याच पियाज्जिओच्या आपे आहेत, म्हणजे आपल्या बारामतीत बनणाऱ्या रिक्षांच्या सख्ख्या बहिणी. भाडं मात्र बहिणीसारखं नाही, बसण्याआधी ठरवून घ्या.) ग्लोरियाच्या केबलगाडीला सप्टेंबर 2025 मध्ये भीषण अपघात झाला, माणसं दगावली. जुन्या ब्लॉगांत तिचे फोटो दिसतील, पण बेत तिच्या भरवशावर करू नका.

राहा बाइशात किंवा शियादूच्या खालच्या अंगाला. बाइशा म्हणजे सखल भाग, सपाट, काटकोनातले रस्ते. तो तसा आहे कारण जुना उरलाच नाही. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला, मागून समुद्र आत आला आणि मग आग अनेक दिवस जळत राहिली. पुढे राजाचा मंत्री मार्किश द पोंबाल याने हा भाग नव्याने आखला आणि घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे घातले, पुन्हा धरणी हलली तर घर हलेल पण पडणार नाही अशा बेताने. याउलट अल्फामा बऱ्याच अंशी वाचलं, म्हणून तिथे मूर या मुसलमान राज्यकर्त्यांच्या काळची गल्ल्यांची गुंतागुंत अजून आहे. अल्फामा फिरायला स्वर्ग, बॅगा घेऊन राहायला शिक्षा.

विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन, अलामेदाला हिरवी, की बाइशा. गुरुवारी हाताशी फक्त संध्याकाळ उरते, तिचं काही करू नका. काइश दु सोद्रेहून काशिल्यासला जाणाऱ्या बोटीत बसा. ती नोकरदारांची साधी फेरी आहे, दहा मिनिटांची. परतताना सगळं शहर दिव्यांनिशी समोर येतं. याच नजाऱ्यासाठी क्रूझवाले जे पैसे घेतात त्यात तुमचं रात्रीचं जेवण होईल.

शुक्रवारी सकाळी बेलें, कारण शनिवार-रविवारी तिथे गर्दी आणि सोमवारी मठ बंद. ट्राम 15 नदीकाठाने नेते. जेरोनिमुश मठाचं काम 1501च्या सुमारास राजा मानुएलच्या काळात सुरू झालं आणि मसाल्याच्या व्यापारावरचा कर त्यात ओतला गेला. खांबांवर जहाजाचे दोर, गाठी, पोवळी कोरलेली आहेत, दगडाचं विणकाम म्हणावं असं. चर्चच्या दाराशी एका बाजूला वास्को द गामाची समाधी आहे, दुसरीकडे कामोंइश कवीची, जो स्वतः गोव्यात राहून गेला. वास्को कोचीत 1524 साली मेला, अस्थी नंतर इकडे आणल्या. माझं माहेर वसईचं. तिथले पोर्तुगीज किल्ल्याचे पडके चौथरे बघत मी वाढले, त्यामुळे समाधीपुढे मला काय वाटावं तेच कळेना. नवरा हळूच म्हणाला, "हे सगळं आपल्या मिऱ्यांवर उभं आहे, निदान तिकीट तरी माफ करायला हवं." चर्चला तिकीट नाहीच, मठाच्या आतल्या चौकाला आहे. ते ऑनलाइन काढून ठेवा. नदीकाठचा बेलेंचा बुरूज बाहेरूनच बघा, त्याचं सौंदर्य तसंही बाहेरूनच.

मग 'नाता', म्हणजे अंड्याच्या गोड सारणाने भरलेल्या खुसखुशीत वाट्या, खायला पाश्तेइश द बेलें. 1837 पासूनची बेकरी, पाककृती मठातली. मठवासी कपड्यांना खळ करायला अंड्याचं पांढरं वापरत, उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं म्हणून ही गोड खाणी निघाली, असं सांगतात. बाहेरची रांग पार्सलवाल्यांची असते. आत खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे बसा. वर दालचिनी भुरभुरवा. पहिल्यांदा दोघांत एक मागवू नका, पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.

दुपारी जेवून झोपा. मी गंमत करत नाहीये. मूल घरी नसताना दुपारी झोपायला मिळणं यापेक्षा मोठं स्थळदर्शन लिस्बनमध्ये नाही. उठल्यावर कार्मुचा मठ गाठा (रविवारी बंद). भूकंपात त्याचं छत कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानी तशाच उभ्या, वर आकाश.

रात्री फादू, म्हणजे लिस्बनचं हुरहुर लावणारं गाणं. आता यावर थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक जोडपी इथेच फसतात. जेवणासकट 'शो' विकणाऱ्या मोठ्या जागा टाळा. अल्फामात दहाबारा टेबलांच्या जागा आहेत, आधी फोन करून टेबल सांगा आणि किमान किती रुपयांचं, म्हणजे युरोंचं, खाणंपिणं घ्यावं लागतं ते विचारून ठेवा. दिवे मंद होतात, कुणीतरी शांत व्हायला सांगतं, आणि मग खरोखर काटाचमचाही वाजत नाही. वाढपी तिथल्या तिथे उभा राहतो. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, एक साधी गिटार, आणि माइकशिवाय गाणारी बाई. तीनचार गाणी, मग विश्रांती, मग दुसरा गायक. जेवणाची ताटं या विश्रांतीतच येतात, म्हणून भूक काढून जाऊ नका, आधी थोडं खाऊन जा. 'सौदाद' (विरहाची हुरहुर) या शब्दावर प्रत्येक गाइड पाच मिनिटं बोलतो, तेवढी सोसा. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण आमच्या शेजारचा सत्तरीचा गृहस्थ बायकोचा हात धरून ओठांनी शब्द म्हणत होता, आणि एक्सेलवाल्या आमच्या माणसाने त्या रात्री दुसऱ्या फेरीसाठी आपणहून थांबू या म्हटलं.

शनिवारी लवकर उठायची एकच सकाळ. ट्राम 28 मार्तिं मोनिशहून सुटते. आठच्या आधी गेलात तर लाकडी बाकावर जागा मिळेल, दहानंतर ती मुंबईची लोकल होते, खिसेकापूंसकट. ग्रासाला उतरा. तिथून सगळा उतार. वाटेत सांव व्हिसेंतच्या मागे मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो, फैरा दा लाद्रा. फुटक्या अझुलेजु, म्हणजे भिंतींवरच्या रंगीत फरशा, जुनी पत्रं, पितळी कुलपं. फरशा घेऊ नका, त्यातल्या काही भिंतींवरून चोरून आणलेल्या असतात. पुढे पोर्ताश दु सोल आणि सांता लुझियाचे सज्जे, बोगनवेल, फरशांवर भूकंपाआधीच्या चौकाचं चित्र. तिथून पायऱ्यापायऱ्यांनी अल्फामात शिरा आणि वाट चुका. खाली नदी आहे, हरवणं अशक्य. रबरी तळव्यांचे बूट घाला. ते पांढरेकाळे गुळगुळीत दगड पावसात साबणासारखे होतात, आणि ऑक्टोबरात पाऊस येऊ शकतो.

संध्याकाळी पुन्हा वर, सिन्योरा दु मोंतला. सूर्यास्त सातच्या आसपास (घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे करायला विसरू नका). गर्दी असते, पण कठड्याचं डावं टोक जरा मोकळं मिळतं.

सिंत्रा सोडा. रोसिओ स्टेशनहून गाडीने चाळीसच मिनिटं लागतात हे खरं, पण खरा वेळ खातात त्या बसच्या रांगा. ती सबंध दिवसाची जागा आहे. ओबिदुशचा विचारही नको. लिस्बनच्या किल्ल्यात मोर आहेत आणि नजारा आहे. दोन्ही तुम्हाला इतरत्र मिळतील. रविवार मोकळा ठेवा, जिथे परत जावंसं वाटेल तिथे जा.

खाण्याचं विचारलंत. तुम्ही शाकाहारी, तुमचे यजमान मासे खाणारे. त्यांची चैन आहे. तुम्ही 'पैशिन्युश दा ओर्ता' मागा, नाव 'बागेतले छोटे मासे', पण असते फरसबीची भजी. काल्दु व्हेर्द या हिरव्या सुपात सॉसेजची चकती टाकतात, आधी नको म्हणून सांगा. कॅफेत 'शामुसा' दिसला तर तो आपलाच समोसा, पण आत बहुधा खिमा. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं त्याचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी रागावत नाही. हॉटेलच्या बिलात माणशी रात्रीचे 4 युरो शहराचा कर असेल, त्यावरून वाद घालू नका. पासपोर्टसोबत जर्मनीचं निवासपत्रही जवळ ठेवा, वेगळा व्हिसा लागत नाही.

भाषेचं भय नको. पाव, बटाटा, चावी, घमेलं, पगार हे सगळे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेत. आभार मानताना तुम्ही 'ओब्रिगादा' म्हणायचं, त्यांनी 'ओब्रिगादु'. 'आले', 'आलो' म्हणणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. आणि लेकराला सांभाळणाऱ्या आजींना काय आणावं? नातात अंडं असतं, जिंजिन्या त्या घेणार नाहीत. शियादूत कागदात गुंडाळलेले सुंदर वासाचे साबण मिळतात, ते न्या. कपड्याचा तो 'साबांव', अंगाचा तो 'साबोनेत'.