चौकशीत दिराच्या दारूबद्दल काय सांगू?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती बायका एक काळजी फार वेळा बोलून दाखवतात. 'न्याय करू नका' हे बायबलमधल्या मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं वचन त्यांना लहानपणापासून पाठ असतं, आणि मनात मात्र दिवसभर कुणाचा ना कुणाचा निवाडा चालूच असतो. मग वाटतं, मी ढोंगी आहे. त्याला लागूनच दुसरी काळजी येते: न्याय करायचाच नसेल, तर चुकीला चूक म्हणायचंच नाही का? धाकटी जाऊ विधवा झालेल्या एका बाईंसोबत काम करताना या दोन्ही काळज्या एकदमच समोर आल्या. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. कापूस, सोयाबीन, तूर. ख्रिस्ती घरं मोजकीच, पण मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, जुनी. बाईंच्या धाकट्या दिरानं दिवाळीच्या तोंडावर फवारणीचं औषध पिऊन जीव दिला. मागे बायको, म्हणजे बाईंची धाकटी जाऊ, आणि शाळेत जाणारी दोन लेकरं. सोसायटीचं कर्ज थकलेलं, काढणीच्या वेळी पाऊस आल्यानं सोयाबीन काळं पडलेलं. आणि तो पीत होता, हे साऱ्या गावाला ठाऊक.

मंडळीच्या पाळकांच्या (पास्टरांच्या) पत्नीनं बाईंना माझ्याकडे पाठवलं. आल्या तेव्हा पदर तोंडाशी होता, पण रडत नव्हत्या. म्हणाल्या, "मॅडम, मी तिच्या बाजूले बसतो, तिचा हात धरतो, प्रार्थना करतो. अन् आतून एकच येते, तुह्याच कटकटीनं गेला तो. मी ख्रिस्ती आहो का नाही?"

मी त्यांना वचन ऐकवलं नाही. ते त्यांना माझ्याइतकंच येत होतं. एवढंच सांगितलं की मनात विचार उगवला म्हणजे निवाडा दिला असं होत नाही. घरातलं माणूस असं गेलं की राग येतो. गेलेल्यावर राग काढता येत नाही, म्हणून तो जवळच्या जिवंत माणसावर जाऊन बसतो. बहुतेक वेळा तो विधवेवरच बसतो, कारण तिच्या बाजूनं बोलायला त्या घरात कुणी नसतं.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. तलाठी जबाब घ्यायला येणार होते.

ज्यांच्या घरी ही वेळ आली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात राज्य सरकार 2006 पासून वारसांना 1 लाखाची मदत देतं, 30 हजार हातात आणि 70 हजार मुदत ठेवीत. पण त्याआधी चौकशी होते. सात-बारा, थकीत कर्ज, वसुलीचा तगादा, नापिकी हे सगळं तपासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. दारू किंवा घरगुती भांडण हे मृत्यूचं कारण निघालं, तर प्रकरण अपात्र ठरू शकतं. त्यामुळे घरच्यांच्या जबाबाला वजन असतं.

"पेत होता म्हणलं तं तिच्या लेकरायचे पैसे जातीन," बाई म्हणाल्या. "नाही म्हणलं तं खोटी साक्ष. दहा आज्ञांतलीच हाये ना ते? सांगा, दया करू का खरं बोलू?"

दया आणि सत्य जणू दोन पारड्यांत बसले आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली जाणारच, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. म्हणून मी त्यांच्यापुढे एक वही ठेवली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'पाहिलं', दुसऱ्या बाजूला 'ठरवलं'. म्हटलं, ताई, दिराबद्दल आणि जावेबद्दल जे जे मनात येतं ते लिहा, पण योग्य बाजूला लिहा.

त्यांनी सावकाश लिहिलं. 'पाहिलं'च्या खाली आलं: पोळ्याच्या दिवशी पिऊन रस्त्यात पडला होता. सोसायटीची नोटीस आली त्या रात्री जेवला नाही. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकताना रडला. धाकटी त्याच्यावर ओरडत होती, पिठाचा डबा रिकामा होता. 'ठरवलं'च्या खाली आलं: तिच्या कटकटीनं मेला. तिला त्याची किंमत नव्हती. दारूनंच मेला. देवानं त्याला सोडलं.

वही माझ्याकडे सरकवली आणि लगेच परत ओढून घेतली. 'पाहिलं'च्या खाली आणखी एक ओळ लिहिली: मरायच्या चार दिवस आधी यांच्याजवळ पाच हजार मागायला आला होता, मीच नाही म्हणून सांगितलं.

त्या ओळीवर आम्ही बराच वेळ थांबलो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ हा दृष्टान्त आपण एकमेकांना टोमणा मारायला वापरतो. माझ्या कामात मला त्याची वेगळी बाजू दिसते. मुसळ म्हणजे दर वेळी पापच असतं असं नाही, कित्येकदा ते दुखणं असतं. आपल्या डोळ्यात इतकं खुपत असतं की दुसऱ्याच्या चुकीवर नजर खिळवून ठेवली तरच जरा सुसह्य होतं. त्या पाच हजारांचं ओझं बाईंना पेलत नव्हतं, म्हणून मृत्यूचं सगळं कारण जावेच्या जिभेवर नेऊन ठेवलं होतं. मी त्यांना दोषी म्हटलं नाही, निर्दोष असल्याचा दाखलाही दिला नाही. दोन्ही निकालच झाले असते. घरात तेव्हा खरंच किती पैसे होते, एवढंच विचारलं. आठशे रुपये होते. मग त्या रडल्या.

आत्महत्येला एकच एक कारण क्वचितच असतं. कर्ज, नापिकी, दारू, घरातले वाद, मनाचा आजार, सगळे एकमेकांत गुंततात. नैराश्य आलेला माणूस दारूकडे वळतो आणि दारू नैराश्य वाढवते. हे समजून घेणं म्हणजे दारूची पाठराखण नव्हे. 'अमुकमुळेच गेला' हे छातीठोकपणे सांगण्याइतकं आपण कुणीच पाहिलेलं नसतं, इतकाच त्याचा अर्थ.

मग जबाबाचा मार्ग सोपा झाला. जे पाहिलं ते सगळं सांगायचं, दारूसकट. नोटीस सांगायची, उपाशी काढलेली रात्र सांगायची, गंजीवरचं रडणंही सांगायचं. दारूचं लपवणं ही खोटी साक्ष. पण फक्त दारूचं सांगून बाकी गिळून टाकणं हीही खोटीच साक्ष, आणि गावात, मंडळीत, नातेवाइकांत तीच जास्त चालते. कशामुळे गेला असं विचारलं, तर "ते मी पाहिलं नाही" असं म्हणायचं.

बाईंनी तसाच जबाब दिला. पुढचा निर्णय समितीचा आहे. हे लिहिताना तो आलेला नाही.

त्या पहिल्याच भेटीत मी आणखी एक गोष्ट विचारली होती, आणि माझ्या मते ती या सगळ्याहून तातडीची होती. औषधाचा उरलेला डबा कुठे आहे? बाईंना माहीत नव्हतं. म्हटलं, आज घरी गेल्यावर आधी तिच्याकडे जा. त्या फवारणीचा पंप मागायच्या निमित्तानं गेल्या. धाकटीनं पंप दिला, मग न मागताच कोठ्यातून डबा आणून त्यांच्या पायाशी ठेवला. म्हणाली, "घेऊन जा बाई. मी रोज रात्री उठून याच्याकडे पाहतो."

बाईंनी तिला सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात येते का तुह्या? असं विचारल्यानं ते डोक्यात शिरतं, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. विचारल्यानं माणूस मोकळं होतं. धाकटी हो म्हणाली. डबा बाईंच्या नवऱ्यानं कुलपात ठेवला, दुसऱ्या दिवशी दोघी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेल्या, आणि तोवर रात्री बाई तिच्याकडेच झोपल्या. तुमच्या ओळखीत कुणी असं बोलत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला एवढा मोठा संदेष्टा असून असं बोलतोस का, म्हणत नाही. ऊठ, खा, म्हणतो. भाकर आणि पाणी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. लेकरं, धन सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, एक शब्द न बोलता. तोवर त्यांचं बरोबर होतं. नंतर ते कारणं सांगायला लागले. आपल्या मंडळ्यांमध्ये सांत्वनाला जाणारे बहुतेक जण सात मिनिटंही थांबत नाहीत, लगेच कारणावर येतात. हे मी कडवटपणे नाही, काळजीनं लिहिते, कारण त्यानंतर ती बाई उपासनेला यायची बंद होते आणि एकटी पडते.

राहिला चुकीला चूक म्हणण्याचा प्रश्न. धाकटी दुःखाच्या भरात लेकरांना मारत होती. बाईंनी ते तिला सांगितलं, पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे तसं एकांतात, इतर कुणाला कळू न देता. शाळेतून आल्यावर थोरल्याला आपल्याकडे जेवायलाही घेऊन गेल्या. असं केलं की सांगण्याचा अधिकार मिळतो, एवढंच मला त्याबद्दल म्हणायचं आहे.

मनातले विचार थांबले का, असं मी बाईंना मध्यंतरी विचारलं. "येतात ना," त्या म्हणाल्या, "पर आता मी वहीतली बाजू पाहतो." बहुतेकांचं असंच असतं. विचार येत राहतात.

परवा त्यांच्या घरी स्त्रियांची प्रार्थना होती. आमेन झाल्यावर एकीनं विषय काढलाच, आत्महत्या केली म्हणजे तो कुठं गेला असेल? धाकटी आत चहा गाळत होती. बाई म्हणाल्या, "ते आपल्याकडे नाही ठेवलं देवानं. तिचा कापूस फुटून वावरात लोंबून रायला, उद्या वेचाले कोण येते ते सांगा." चौघी आल्या, प्रश्न काढणारीही त्यांच्यात होती. पहिली वेचणी दोन दिवसांत उरकली आणि कापूस पाऊस यायच्या आत घरी आला.