दूध बंद केलं की नसांतला कॅल्शियम कमी होतो का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमचे मामंजी ६८ वर्षांचे आहेत, शुगर बरीच वर्षं आहे, तंबाखू पण सुटत नाही. पोटात दुखतंय म्हणून सीटी स्कॅन केला तर महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठलाय आणि दोन्ही किडन्यांत पण कॅल्शियमचे ठिपके आहेत असं रिपोर्टात आलं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.८ आहे. गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळी आणि व्हिटॅमिन डी ची पाकिटं ते कितीतरी महिने घेतायत. आम्ही त्यांचं गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध बंद केलंय, तेव्हापासून ते रुसून बसलेत. दूध सोडल्यानं नसा मोकळ्या होतील का? आणि सलाइन लावून कॅल्शियम धुऊन काढतात म्हणे, ते करावं का?
— एक सून, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, दुधातला कॅल्शियम सरळ जाऊन रक्तवाहिनीला चिकटत नाही. बोअरच्या पाण्यानं गीझरमध्ये क्षार धरतात तसंच हे असणार असं बहुतेकांना वाटतं, पण रक्तवाहिनीची भिंत जिवंत असते, तिच्यावर वर्षानुवर्षं शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा मारा होत राहिला की भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी हाडं बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि तिथं कॅल्शियम फॉस्फेट बसत जातं. शुगरवाल्यांमध्ये आणि किडनीच्या पेशंटमध्ये भिंतीच्या मधल्या थरात हे जास्त दिसतं, पायाच्या वाहिन्या कडक होतात, म्हणून रोज रात्री मामंजींचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघत जा, जखम दिसली तर घरी मलम लावत बसू नका.

मला खरी काळजी वाटते ती त्या पाकिटांची. ६०,००० युनिटचं पाकीट साधारण आठवड्याला एक असं ८ आठवडे देतात आणि मग पुढचं डॉक्टर ठरवतात, पण आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत राहतात आणि बंद कधी करायचं हे कुणी विचारतच नाही. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, महिनोन्‌महिने अंगात राहतं, प्रमाणाबाहेर गेलं की आतड्यातून कॅल्शियम जास्त ओढला जातो, रक्तातला कॅल्शियम वाढतो आणि किडनीत ठिपके दिसायचं ते एक कारण असू शकतं. तेव्हा गोळी आणि पाकीट दोन्ही आजच थांबवा आणि कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड हार्मोन, व्हिटॅमिन डी एवढ्या तपासण्या करून घ्या. रक्तातला कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तामागे) च्या आत हवा. रक्तातला कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडली असेल तरी तो वाढतो, म्हणून ती तपासणी गाळू नका.

आता दूध. किडनी अशक्त झाली की फॉस्फरस बाहेर टाकायला तिला जड जातं आणि दुधात फॉस्फरस असतो, म्हणून किती प्यायचं ते रिपोर्ट बघून किडनीच्या डॉक्टरांना ठरवू द्या, पण सगळं तोडायची गरज बहुधा पडणार नाही. कट्ट्यावर म्हशीचं दूध समोर काढून तसंच देतात, त्यात मलई भरपूर आणि ते उकळलेलं नसतं, या वयात शुगर असताना कच्चं दूध नकोच. उकळून, साय काढून, कपभर द्या. कोल्ड्रिंक मात्र पूर्ण बंद, कोलात फॉस्फरस घातलेला असतो आणि तो दुधातल्यापेक्षा जास्त शोषला जातो.

सलाइनचं अजिबात करू नका! कॅल्शियम काढायला सलाइनमधून जे औषध देतात त्यानं किडनीला इजा होऊ शकते आणि त्यांची किडनी आधीच दमलीय. साठलेला कॅल्शियम विरघळवणारं खात्रीचं औषध आज नाही, पण तो वाढायचा वेग कमी करता येतो, त्यासाठी तंबाखू सुटायला हवी, शुगर-बीपी ताब्यात हवं आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर ती चुकवू नये. त्या गोळीनं स्कॅनमधला कॅल्शियम कधीकधी वाढलेला दिसतो, पण हार्ट अटॅकचा धोका कमी होतो, त्यामुळे घाबरून गोळी सोडू नका.

तपासण्यांची वाट बघत असताना मामंजींना खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, जास्तच बद्धकोष्ठ किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि रिकामी पाकिटं सोबत घ्या.