थेट मालकाकडून जुनी कार घेतोय. विम्याचे अजून सात महिने बाकी आहेत, मग कागदपत्रं सावकाश नावावर केली तर चालेल का?

सावकाश नको. गाडी ताब्यात घ्याल त्याच आठवड्यात दोन्ही अर्ज करा, आरसीचाही (म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचा) आणि विम्याचाही.

'विमा चालू आहे' असं मालक सांगतात ते खरंच असतं, पण ते अर्धंच असतं. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडे येतो. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा ओन डॅमेज मात्र तसा येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा लागतो.

हे मला नुकसान सोसून कळलं. आरसीवर नाव लागलं म्हणून मी निर्धास्त होतो. दोन महिन्यांनी गाडी खांबाला घासली आणि मागचा डावा दरवाजा आत गेला. विमा कंपनीकडून नुकसान पाहायला आलेल्या सर्व्हेअरने फोटो काढले, आरसी पाहिली, पॉलिसी पाहिली आणि विचारलं, "यावर नाव कुणाचं?" दावा नामंजूर झाला. आधीच्या मालकांनाही भरपाई मागता येईना, कारण गाडी त्यांची राहिली नव्हती. मला मागता येईना, कारण करार माझा नव्हता. वर्षभराचा हप्ता भरलेला असून दरवाजाचा सगळा खर्च माझ्या खिशातून गेला.

आणखी एक, नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मालकांच्या पॉलिसीत अशी २० ते ५० टक्के सूट लागलेली असेल, तर उरलेल्या महिन्यांचा फरक तुम्हाला भरावा लागेल. गाडीचा भाव ठरवतानाच तो धरा.

आरसी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दोन्हींवर मालकांची सही तुमच्यासमोर घ्या, आणि फॉर्म पूर्ण भरूनच घ्या. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो. आरटीओत तो ठसा मागतात, आणि तो आरसीवरच्या नंबराशी जुळतो का हे तुम्हालाही तिथेच दिसतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हवी. थकलेली ई-चलनं आधी तपासा, त्यांच्यावरून काम अडतं.

मालक टाळाटाळ करत असतील तर त्यांना नीट समजावून सांगा की घाई त्यांच्याही हिताची आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. त्या खटल्यातल्या माणसाने तर गाडी अपघाताच्या जवळजवळ दोन वर्षं आधीच विकली होती.

नवी आरसी यायला वेळ लागतो, पण त्यासाठी विम्याचा अर्ज अडवून ठेवू नका. फॉर्म २९-३० च्या प्रती, जुनी पॉलिसी आणि मालकांचं संमतीपत्र देऊन तो आधीच करून टाका. कंपनीकडून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या नावबदलाचा कागद, आलं की इंजिन आणि चेसिस नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचा. माझ्या कागदावर एक आकडा चुकला होता, आणि तो दुरुस्त होईपर्यंत मी गाडी बाहेरच काढली नाही.