काच खाली घेताना दार ओरडतं

प्रश्न : माझी हॅचबॅक गाडी जुनी आहे, पण फारशी नाही. यवतमाळहून दारव्ह्याकडच्या एका गावातल्या शाळेत रोज जाते, शेवटचा तुकडा पांदण रस्त्याचा. उन्हाळ्यापासून ड्रायव्हर बाजूची काच खाली घेताना कर्रर्र आवाज येतो, वर जाताना गप्प असते. शिवाय डांबरी रस्त्यावर वेग घेतला की त्याच बाजूने शिट्टी वाजते. गॅरेजमध्ये म्हणाले, मोटर बदला. बदलू का?
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : थांबा ताई, इतक्यात खर्च करू नका. मोटर जायला आली की काच मंदावते, अडते, नाहीतर मधेच उभी राहते. तुमची काच पुरती खाली-वर होते, फक्त ओरडते. आणि ‘वर जाताना गप्प असते’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण अर्धं उत्तर तिथंच आहे.

काच दारात जिथून शिरते तिथं बाहेरच्या बाजूने एक रबरी पट्टी असते. काचेवरची धूळ खाली जाताना तिच्या ओठात अडकते. आपली काळी माती सुकली की पिठासारखी उडते, त्यात रस्त्यावरच्या मुरमाची कच. पुढे ट्रॅक्टर असला तर विचारूच नका. वरून मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, तेव्हा रबरही कडक पडतं.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. काचेच्या बाहेरून साबणाचं पाणी लावा, गाडी चालू ठेवून काच एकदा खाली-वर करा. आवाज गेला की समजा दोष रबराचा. मग तुमच्या हाताशीच असणारी प्लास्टिकची पट्टी घ्या, तिच्यावर ओला सुती कपडा गुंडाळा आणि रबर व काच यांच्यामधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कपडा काळाभोर निघेल. तो स्वच्छ निघेपर्यंत फिरवत राहा. चौकटीतल्या उभ्या खाचाही अशाच पुसा, वाळू द्या आणि त्यात सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको. आमच्याकडे हा उपाय घरोघरी करतात. चार दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर दुप्पट धूळ बसते आणि रबर फुगतं ते वेगळंच. पुसूनही ओरड राहिली तर पट्टी बदलायची. तिचा खर्च मोटरपेक्षा पुष्कळच कमी.

शिट्टीचं कारण वेगळं. बाहेरून पावसाळी व्हायझर चिकटवलं असेल तर आधी त्यावर संशय घ्या, कड सुटली की ते वाजतंच. नसेल तर दाराच्या बीडिंगवर, म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीच्या रबरावर, कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ओढून बघा. असं चारी बाजूंनी करा. जिथं कागद सहज निसटतो, तिथं बीडिंग दबलंय. नेमकी जागा हवी असेल तर फटीवर बाहेरून मास्किंग टेप लावून त्याच रस्त्याने जा. शिट्टी थांबली तर एकेक तुकडा काढत जा. जो काढल्यावर ती परत येईल, वारा तिथूनच शिरतो.

खड्ड्यात खडखडाट होत असेल तर दाराचं आतलं पॅड उघडायच्या आधी दाराचा खिसा रिकामा करा. हसू नका, किल्ल्या आणि पाण्याच्या बाटलीपायी मी दारं उघडून बसलोय.

सावध व्हायचा आवाज एकच : बटण दाबलं की आत कटकट, नाहीतर मोटर नुसती फिरते आणि काच हलत नाही किंवा तिरपी होते. बऱ्याच छोट्या गाड्यांत काच तारेवर चालते. ती तार उसवली किंवा काचेची प्लास्टिक क्लिप तुटली की असं होतं. मग बटण दाबत बसू नका. दोन्ही हातांनी काच वर ओढा, चिकटपट्टी लावा आणि गॅरेज गाठा. तिथंही काच मशीन, म्हणजे काच वर-खाली नेणारी यंत्रणा, मोटरशिवाय मिळतं का ते आधी विचारा. पुष्कळ गाड्यांत जुनीच मोटर नव्या मशीनवर बसते.