मॉन्डी मनी म्हणजे काय आणि ती नाणी खरोखर वाटली जातात का?

होय, ती आजही वाटली जातात. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी ब्रिटनचे राजे किंवा राणी निवडक ज्येष्ठ नागरिकांना १, २, ३ आणि ४ पेन्सची चांदीची नाणी स्वहस्ते देतात. इंग्लंडचा राजा जॉन याने १२१३ मध्ये रॉचेस्टर येथे १३ गरिबांना प्रत्येकी १३ पेन्स दिल्याची नोंद आहे. पूर्वी राजे गरिबांचे पायही धूत असत. ती प्रथा लोपली, तरी समारंभातील काही अधिकारी आजही अंगावर पांढरे टॉवेल बांधतात, आणि मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

जितके राजाचे वय, तितके पुरुष आणि तितक्याच स्त्रिया निवडल्या जातात. २०२३ मध्ये यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलमध्ये चार्ल्स तिसरे यांनी ७४ पुरुष व ७४ स्त्रियांना चामड्याच्या दोन थैल्या दिल्या. पांढऱ्या थैलीत ७४ पेन्सची मॉन्डी नाणी, तर लाल थैलीत पूर्वीच्या अन्नवस्त्राच्या बदल्यात इतर नाणी होती. मॉन्डी नाणी कायदेशीर चलन असली, तरी ती कोणी खर्च करत नाही. एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या मॉन्डी नाण्यांवर शिल्पकार मेरी गिलिक यांनी घडवलेली त्यांची तरुणपणीची मुद्रा अखेरपर्यंत कायम राहिली.