‘परस्पर घटस्फोट’ आणि ‘परस्परसंमतीने घटस्फोट’

एका वाचकाने विचारलं आहे: ‘दोघांनी परस्पर घटस्फोट घेतला’ असं वाक्य वाचनात आलं, ‘परस्पर संमतीने’चंच हे छोटं रूप समजायचं का?

माझ्या मते नाही. ‘परस्पर’ हा शब्द मराठीत क्रियापदाच्या बाजूला गेला की त्याचा अर्थच पालटतो. ‘कामावरून परस्पर स्टेशनवर गेलो’ म्हणजे घरी न येता गेलो. ‘त्याने जमीन परस्पर विकली’ म्हणजे भावांना न विचारता विकली, आणि इथे तर त्या एका शब्दात सगळी तक्रार आली. म्हणून ‘परस्पर घटस्फोट घेतला’ म्हटलं की आधी मनात येतं ते घरच्यांना कळू दिलं नाही, हे. नवराबायकोचं एकमत होतं का, ते त्यातून कळतच नाही.

‘एकमेकांचा’ हा मूळ संस्कृत अर्थ मराठीत टिकला तो मुख्यतः समासात: परस्परविरोधी, परस्परावलंबी. आपापसांत, म्हणजे तिसऱ्याला मध्ये न घेता, आणि पुढे तिसऱ्याला न सांगता, अशा वाटेने दुसरा अर्थ आला असावा असं मला वाटतं. तेव्हा ‘परस्परसंमतीने’ जोडूनच लिहावं. सामासिक शब्द जोडून लिहायचा नियम आहेच, पण इथे तो पाळला की ‘परस्पर’ संमतीला घट्ट धरून राहतो, घसरून क्रियापदाकडे जात नाही.

कायद्यातही सगळा भर या संमतीवरच आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय मुळात नव्हती. १९७६च्या दुरुस्तीने कलम १३-ब आलं. दोघं किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत, अर्ज दोघांनी मिळून करायचा, आणि सहा महिन्यांनी न्यायालयापुढे दोघांनी पुन्हा तेच सांगायचं. (ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये ठरवलं.) त्याच न्यायालयाच्या १९९१च्या निकालानुसार संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते, मध्येच एकाने ती काढून घेतली तर या कलमाखाली घटस्फोट मिळत नाही. म्हणजे संमती परस्पर मागे घेता येते, घटस्फोट मात्र परस्पर होत नाही!

‘सहमतीने’ म्हटलं तरी चालेल, पण कायद्याच्या मराठीत ‘संमती’ रुळला आहे.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावं. ‘सोडचिठ्ठी’ला देणारा आणि घेणारा असतो, त्या वळणावर ‘तिने त्याला घटस्फोट दिला’ असं आपण म्हणतो. परस्परसंमतीत कुणी कुणाला काही देत नाही. तिथे ‘दोघांनी घटस्फोट घेतला’ किंवा ‘दोघांचा घटस्फोट झाला’ म्हणावं. मंजूर करतं ते न्यायालय.